सेफ्टीचे ॲप कोणते घ्यावे?

नाशिकजवळच्या अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतील लहान-मोठे कारखानदार भेटले की ‘आमच्यासाठी सेफ्टीचे, म्हणजे मशीनची तपासणी आणि अपघातांच्या नोंदी फोनवर ठेवणारे, कोणते ॲप चांगले?’ हा प्रश्न हमखास निघतो. नाव सुचवण्याआधी मी एवढेच सांगतो, की डेमो केबिनमध्ये पाहू नका; पाळी चालू असताना प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनच्या खात्यात, पाहा आणि फोन ऑपरेटरच्या हातात द्या. केबिनमध्ये रंगीत आलेख दाखवणारे प्रत्येकच ॲप गुणी वाटते.

जुन्या पॉवर प्रेसचेच घ्या. अशा अनेक प्रेसना दोन बटणे असतात ती दोन्ही हात डायबाहेर, म्हणजे साच्याबाहेर, असल्याशिवाय रॅम (वरून दाबणारा भाग) खाली येऊ नये म्हणून. पीस लवकर निघावेत यासाठी त्यातले एक बटण लाकडी पाचर मारून कायमचे दाबून ठेवलेले मी पाहिले आहे, आणि त्याच मशीनच्या त्या दिवशीच्या चेकलिस्टवर ‘ठीक’ अशी खूणही पाहिली आहे. ही खूण कागदावरून फोनवर गेल्याने बोट वाचत नाही. म्हणून गॅलरीतला जुना फोटो न स्वीकारता जागेवरच फोटो काढायला लावणारे, दोष दिसताच तो एका ठरावीक माणसाच्या नावावर मुदतीसह टाकणारे ॲप मला उपयोगाचे वाटते. ज्याच्या नावावर दोष आहे त्यालाच तो ‘बंद’ करता येत असेल, तर मात्र सगळे दोष महिनाअखेरीस आपोआप बंद झालेले दिसतील.

आपल्याकडे एकाच पाळीत मराठी आणि हिंदी बोलणारे कामगार असतात, त्यांतले बरेच ठेकेदाराचे. त्यामुळे दोन्ही भाषा, बोलून नोंद करण्याची सोय आणि पत्र्याच्या शेडमध्ये रेंज नसतानाही चालण्याची क्षमता हवीच. दर माणशी पैसे आकारले जात असतील, तर कंत्राटी कामगारांना ॲपमधून वगळण्याचा मोह होतो, आणि धोक्याची कामे तर बहुधा त्यांच्याच वाट्याला आलेली असतात. मशीनवरचा क्यूआर कोड स्कॅन करून लॉगिनशिवाय, नाव न देता निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, कळवता येत असेल, तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

कायद्याचे भानही ठेवावे लागते. जखमी कामगार 48 तास किंवा त्याहून अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर त्या अपघाताची सूचना सरकारी यंत्रणेला द्यावी लागते. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 88 मध्ये ही तरतूद होती आणि 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही ती आहे. प्रथमोपचाराची किरकोळ जखम आणि अशी जखम वेगळी न दाखवणारे ॲप घेऊ नये. ॲपमध्ये नोंद झाली म्हणजे सूचना गेली, असा समजही करून घेऊ नये. शिवाय वर्गणी थांबवल्यावर जुन्या नोंदी एक्सेलमध्ये मिळतील का, हे करारात लिहून घ्यावे.

पंधरा-वीस माणसांच्या युनिटला बहुतेक वेळा असे ॲपच लागत नाही. तिथे मालकाने रोज एक फेरी मारून वहीत नोंद केली तरी पुरते. त्याहून मोठ्या कारखान्याने एका खात्यात महिनाभर ॲप वापरून पाहावे आणि निअर मिसच्या नोंदी कोणी केल्या ते तपासावे. त्या सगळ्या सेफ्टी ऑफिसरनेच केलेल्या निघाल्या, तर ते ॲप परत करावे.