तुम्ही विचारलेत म्हणून: नीट पुन्हा द्यावी की परदेशी जावे?

दरवर्षी जूनमध्ये नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशभरातल्या परीक्षेचा, निकाल लागला की आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ताप-खोकल्याच्या रांगेत एखादे कुटुंब असे असते, की ज्यांच्यातले कुणीच आजारी नसते. वडील केसपेपर काढतात, आत येतात, दार लोटून घेतात आणि खिशातून मोबाइल काढून गुण दाखवतात. "मॅडम, तुम्ही रशियाला शिकून आलात म्हणून विचारतो. पोरीला रिपीट करू द्यावं का बाहेर पाठवावं?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला आहे, औषध कंपनीच्या प्रतिनिधीने विचारला आहे आणि एकदा तर एसटीच्या वाहकाने तिकीट देता देता विचारला आहे. दोन मिनिटांत द्यावे असे त्याचे उत्तर नाही, म्हणून ते एकदा सविस्तर लिहीत आहे.

मी २०१२ साली बारावी झाले. त्या वर्षी राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेत शासकीय महाविद्यालय मिळण्याइतके गुण पडले नाहीत आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेल्या माझ्या वडिलांच्या आवाक्यातले नव्हते, म्हणून मी लातूरला राहून रिपीट केले, म्हणजे वर्षभर पुन्हा तयारी केली. ५ मे २०१३ रोजी देशातली पहिली नीट झाली. तीही मी दिली आणि पुन्हा थोडक्यात राहिले. त्याच सप्टेंबरमध्ये मी वोल्गाकाठच्या एका शहरात वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला दाखल झाले. म्हणजे तुम्ही ज्या दोन वाटांबद्दल विचारता, त्या दोन्ही मी चालले आहे, आणि पहिली वाट मी नीट चालले नाही हे मला फार उशिरा कळले.

रशियाला जाण्यासाठी सामान बांधताना वडिलांना माझी रिपीटच्या वर्षातली फिजिक्सची वही सापडली. ती त्यांनी माझ्यासमोर उघडली. पहिली तीस-पस्तीस पाने सुवाच्य अक्षरात सोडवलेली होती, लाल पेनाने चौकटी आखलेल्या होत्या, आणि तिथून पुढे प्रकाशकिरणांच्या दोन अर्धवट आकृत्या सोडल्या तर सगळी वही कोरी होती. रिपीटर बॅच पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू झाली होती. तो धडा मला आधीच येत होता, तो पुन्हा येतो आहे या समाधानात पावसाळा गेला, आणि जिथे मी पहिल्या वर्षी अडले होते तिथेच दुसऱ्या वर्षीही अडले. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी वही मिटली आणि रद्दीत न टाकता कपाटात ठेवली.

म्हणून रिपीट करायचे की नाही, याचे उत्तर देण्याआधी मी एकच गोष्ट विचारते: गुण कुठे गेले? आता हे शोधणे आमच्या वेळेपेक्षा सोपे आहे, कारण उत्तरतालिका आणि स्वतःच्या उत्तरपत्रिकेची प्रत विद्यार्थ्याला मिळते. प्रश्न १८० आणि गुण ७२०. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकीच्या उत्तराचा एक जातो. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे प्रामाणिकपणे लिहावे, की हे मला येतच नव्हते, येत असून घाईत चुकले, की नुसता अंदाज मारला. येत असलेला प्रश्न चुकतो तेव्हा चार गुण मिळायचे राहतात आणि एक कापला जातो, म्हणजे तो पाच गुणांना पडतो. हा हिशेब मांडला, की बऱ्याच मुलांना आपण समजतो तितके मागे नाही हे दिसते, आणि काहींना त्याच क्लासमध्ये, त्याच नोट्सवर आणखी एक वर्ष घालवून काहीही बदलणार नाही हेही दिसते. दोन्ही कळणे सारखेच मोलाचे आहे.

आणखी एक चूक पालक हमखास करतात. शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी इतक्या गुणांना प्रवेश मिळाला, मग आपल्याला का नाही, असे ते विचारतात. गुणांची अशी तुलना करता येत नाही. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते, सुधारित निकालात ते १७ उरले. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण होते. एकाच गुणसंख्येचा अर्थ दोन वर्षांत इतका बदलतो, म्हणून पाहायचा तो क्रमांक, आणि तोही राज्यातले प्रवेश देणाऱ्या सीईटी कक्षाच्या मागील फेऱ्यांच्या याद्यांशी, आपल्या प्रवर्गात ताडून. जागाही वाढत आहेत. २०२४ मध्ये एकट्या महाराष्ट्रात जालना, हिंगोली, वाशीम, गडचिरोली यांसह दहा नवी शासकीय महाविद्यालये सुरू झाली. चुकांचे कारण सापडले असेल आणि मुलाची स्वतःची इच्छा असेल, तर एकदा रिपीट करावे असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्यांदा रिपीट करायला मी सहसा सांगत नाही. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही नाही, पण तिसऱ्या वर्षी मुलाचे मित्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला पोहोचलेले असतात आणि ते मूल लग्नकार्याला यायचे टाळू लागते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आता परदेशाविषयी. परदेशी जाणे म्हणजे प्रवेश परीक्षेतून सुटका, अशी समजूत मुलांच्या मनात घट्ट असते; तशी ती माझ्याही मनात होती. वास्तविक आता परदेशी शिकायला जाण्यासाठीही नीट उत्तीर्ण असावे लागते आणि तो निकाल तीन वर्षे चालतो. शिकून परत आल्यावर एफएमजीई ही पात्रता परीक्षा द्यावी लागते: ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५०, वर्षातून दोन वेळा. तिथे कुणाशी स्पर्धा नाही, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, निम्मे गुण पुरेत. आणि तरीही जून २०२४ च्या सत्रात सुमारे २१ टक्केच उत्तीर्ण झाले. बहुतेक सत्रांत चित्र फारसे वेगळे नसते.

हे असे का होते, ते मी भोगून सांगते. आमचे प्राध्यापक चांगले होते. शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेला टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या असत. एक उचलायची, तिच्यावरच्या प्रश्नांचा थोडा वेळ विचार करायचा आणि समोर बसून तोंडी उत्तर द्यायचे. पास झालात की झाच्योत्का नावाच्या छोट्या पुस्तिकेत सर सही करीत. ती सही मिळावी म्हणून आम्ही झटायचो आणि ती मिळाली की विषय संपायचा. वर्ग इंग्रजीत होते, पण रुग्ण रशियन बोलत. "ग्द्ये बालीत?" म्हणजे "कुठे दुखतंय?" एवढे विचारता येई, आजीबाईंनी त्यावर पाच मिनिटे जे सांगितले, त्यातले निम्मे कळत नसे. ज्या मैत्रिणीने, सोलापूरच्या, दुसऱ्याच वर्षी रशियन मनापासून शिकून घेतले आणि तिसऱ्या वर्षापासून भारतातली पुस्तके समांतर वाचली, ती परत येऊन पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाली. मी तसे केले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मला १३२ गुण मिळाले. दिल्लीच्या गौतमनगरमध्ये एका खोलीत तिघी राहून क्लास लावला, टाळेबंदी लागली तशी घरी आले, ३१ ऑगस्ट २०२० ला १४६ वर अडकले आणि त्या डिसेंबरमध्ये १७१ गुणांनी सुटले. ज्या परीक्षेपासून दूर जाण्यासाठी मी साडेचार हजार किलोमीटर गेले होते, तशीच एक परीक्षा पंचविसाव्या वर्षी, भविष्य निर्वाह निधी रिकामा झालेल्या वडिलांसमोर, मला तीनदा द्यावी लागली.

उत्तीर्ण झाल्यावरही शिकायचे बरेच उरले होते. इंटर्नशिपच्या काळात एका रात्री अपघात विभागात सात-आठ वर्षांचा मुलगा आणला. अंगावर घामाच्या धारा, हातपाय गार, छाती धडधडत होती. मी ताप नाही, जखम नाही, असे टिपत राहिले. माझ्याहून तीन वर्षांनी लहान असलेला, इथेच शिकलेला इंटर्न पोराच्या पायाकडे वाकला आणि म्हणाला, "विंचू आहे. सिस्टर, प्राझोसिन द्या." महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर या औषधाचे केलेले काम इथल्या विद्यार्थ्याला माहीत असते. वोल्गाकाठी तो विषयच निघत नाही. सर्पदंश, डेंग्यू, क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम, हे सारे मी परत आल्यावर शिकले, आणि एफएमजीईतही नेमके हेच विचारतात.

तरीही कुणी विचारपूर्वक जात असेल तर मी अडवत नाही. फक्त कागद तपासायला सांगते. नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत: शिक्षण किमान ५४ महिन्यांचे आणि इंग्रजी माध्यमातले हवे, सगळा अभ्यासक्रम एकाच संस्थेत पूर्ण व्हायला हवा, १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथेच आणि आल्यावर पुन्हा १२ महिन्यांची इथे करावी लागते, त्या देशात वैद्यकीय व्यवसाय करण्याची पात्रता त्या पदवीने मिळायला हवी, आणि हे सारे दहा वर्षांत व्हायला हवे. तीन वर्षे इंग्रजी आणि पुढे स्थानिक भाषा असा द्विभाषिक अभ्यासक्रम असेल तर तिथेच थांबावे. हॉटेलच्या सभागृहात मेळावा भरवणारे एजंट "शंभर टक्के मान्यताप्राप्त" असे छापतात, पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोग परदेशी विद्यापीठांची मान्यताप्राप्त अशी यादी काढतच नाही. पैशांचा हिशेबही सहा वर्षांच्या शुल्कावर थांबवू नये. एफएमजीईचा क्लास, दिल्लीतली खोली आणि इंटर्नशिपची जागा मिळेपर्यंतचे महिने त्यात धरावेत, कारण परदेशी पदवीधरांसाठी महाविद्यालयाच्या मंजूर जागांच्या साडेसात टक्केच इंटर्नशिपच्या जागा ठेवलेल्या असतात. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो मुले पाठीवर एक पिशवी घेऊन सीमेपर्यंत चालत आली, हे विसरू नये. त्या मुलांनी महाविद्यालय निवडताना काहीही चूक केली नव्हती.

यंदा जूनमध्ये आलेल्या वडिलांनी ४०० गुण दाखवले आणि एजंटकडे पन्नास हजार भरल्याचे सांगितले. मी त्यांना म्हटले, "काका, पाच मिनिटं बाहेर बसता का?" मुलगी खाली मान घालून बसली होती. तुला काय हवे आहे, असे विचारल्यावर बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मला ती परीक्षा पुन्हा नको, बाकी कुठंबी पाठवा." मग मी तिला माझे १३२, १४६ आणि १७१ सांगितले. उत्तरपत्रिका घेऊन बस, चुका वेगळ्या कर, मग ये, एवढेच सांगून पाठवले.

तीन आठवड्यांनी ती एकटीच आली. वहीच्या पानावर तिने तीन रकाने आखले होते. चुकलेले प्रश्न ४४, त्यातले येत असून चुकलेले २१. "एकशे पाच गुण, मॅडम," ती म्हणाली. "पण फिजिक्सचे चौदा प्रश्न मी कोरे सोडलेत, ते खरंच येत नव्हते." ते कोणत्या धड्यांतले, हे मी विचारण्याआधीच तिने पान उलटले, धड्यांची नावे तिने लिहून आणली होती. तालुक्याला निवृत्त झालेले एक फिजिक्सचे सर घरी शिकवतात. त्यांचा पत्ता मी तिच्या केसपेपरच्या मागे लिहून दिला.