पंचावन्न वाव पाणी आणि काटोलची विहीर

पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाल्यावर मी नागपूरच्या आसपासच्या तलावांवर नियमितपणे गरी टाकू लागलो. मरळ, वाम आणि कधी नशिबाने मोठा कतला, एवढाच माझा अनुभव होता, आणि वीस फुटांपेक्षा खोल पाण्यात दोर सोडण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. त्यामुळे सिॲटलला राहणाऱ्या मुलीने आणि जावयांनी जुलै २०२३ मध्ये अलास्कातील सिटका या गावी एका दिवसाची मासेमारीची बोट ठरवली, तेव्हा मला आनंदापेक्षा धाकधूक जास्त वाटली. अमेरिकेचा व्हिसा आधीपासूनच होता आणि बिगररहिवाशांसाठीचा एक दिवसाचा परवाना जावयांनी ऑनलाइन काढून दिला. कागदपत्रांचे काम एवढ्यावर आटोपले. खरी तयारी मात्र जावयांनी पाठवलेली नियमावली वाचल्यानंतर सुरू झाली.

आम्ही जाणार होतो हॅलिबटसाठी. हा तळाशी पडून राहणारा चपटा मासा आहे. परंतु तो जिथे सापडतो, त्याच खडकाळ तळाजवळ रॉकफिश नावाच्या माशांच्या अनेक जाती राहतात आणि गळाला कोण लागावे हे आपल्या हातात नसते. त्यांपैकी येलोआय ही जात आग्नेय अलास्कात तेव्हा कोणालाही जवळ ठेवता येत नव्हती, ही बंदी २०२० पासूनची होती, आणि त्याच वर्षापासून अलास्काच्या समुद्रात हौशी मासेमारी करणाऱ्या प्रत्येक बोटीवर मासा खोल पाण्यात नेऊन सोडण्याचे साधन असणे बंधनकारक आहे. जो रॉकफिश ठेवायचा नाही, तो जिथून आला त्या खोलीवर किंवा निदान शंभर फूट खाली नेऊन सोडावा, असा तो नियम होता. मासा पाण्यात सोडायला साधन कशाला लागते, हे मला पहिल्या वाचनात अजिबात कळले नाही.

कारण समजल्यावर मात्र माझ्यातला अभियंता जागा झाला. रॉकफिशच्या पोटात हवेची पिशवी असते, जिला शास्त्रीय भाषेत वाताशय म्हणतात, आणि या जातींमध्ये तिला बाहेर उघडणारी नळीच नसते. पिशवीतला वायू रक्तातून हळूहळू येतो आणि हळूहळूच जातो. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढत जातो, म्हणजे शंभर मीटर खाली तो पृष्ठभागाच्या अकरा पट असतो. तिथला मासा आपण चार-पाच मिनिटांत वर ओढला की तोच वायू अकरा पट जागा मागतो. माशाचे जठर तोंडातून बाहेर ढकलले जाते, डोळे खोबणीतून पुढे येतात, आणि तो पाण्यावर तरंगत राहतो. कितीही धडपडला तरी त्याला खाली जाता येत नाही. अशा माशाला बोटीच्या कडेवरून टाकून देणे आणि त्याला ‘सोडला’ म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे.

त्यातही येलोआय हा उतावळेपणाने गमावण्याजोगा मासा नाही. त्याचे आयुष्य शंभर वर्षांपलीकडे जाऊ शकते, ११८ वर्षांपर्यंतच्या वयाची नोंद आहे, आणि तो प्रजननक्षम होतो तोच मुळी विशीच्या आसपास. मोठा झालेला मासा वर्षानुवर्षे एकाच खडकाच्या आसऱ्याने राहतो, त्यामुळे एका जागेवरचे चार मोठे मासे गेले तर ती जागा लवकर भरून निघत नाही. त्याचे वय डोक्यातल्या कानाच्या खड्यावरील वलये मोजून काढतात, पण त्यासाठी मासा मारावा लागतो. म्हणजे आपण सोडून दिलेल्या माशाचे वय आपल्याला कधीच कळत नाही.

साधन मी घरीच बनवायचे ठरवले. बोटीवर ते असणारच होते, पण हाताने केल्याशिवाय मला कोणतीही गोष्ट नीट समजत नाही. इतवारीतल्या लोहाओळीतून शिसे आणले, एका मोठ्या गरीचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला, शिशाचे वजन गरीच्या नाकात अडकवले आणि दोर मात्र गरीच्या वाकणाला बांधला. असे बांधले की गरी उलटी लटकते आणि तिचे टोक खाली पाहते. माशाचा ओठ त्या टोकात अडकवला की वजन त्याला तोंडाकडून खाली नेते, आणि हव्या त्या खोलीवर दोराला वर हिसका दिला की टोक आपोआप ओठातून निसटते. वजन मी ७५० ग्रॅम ठेवले. यामागे कोणताही हिशेब नव्हता. पत्नीने मुलीसाठी दिलेले पापड, सावजी मसाला आणि विमानातल्या सामानाची मर्यादा यांतून जेवढे उरले तेवढे शिसे मी घेतले.

चाचणीसाठी काटोलला मेहुण्याच्या संत्र्याच्या बागेतली विहीर निवडली. एक लिटरची प्लास्टिकची बाटली पाण्याने भरून, तिच्या गळ्याला तारेची कडी करून मी ती गरीत अडकवली, तळापर्यंत सोडली, हिसका दिला, आणि पहिल्याच फटक्यात गरी मोकळी होऊन वर आली. बाटली अर्थातच विहिरीत राहिली. मेहुणा काठावर बसून हे सगळे पाहत होता. “भाऊजी,” तो म्हणाला, “बाटली बुडवाले आमची विहीर अन् मासे पकडाले अमेरिका काय?” मी त्याला दाबाचे गणित समजावू लागलो, पण त्याने पंप सुरू करायला म्हणून काढता पाय घेतला. चाचणी यशस्वी झाल्याची खूणगाठ बांधून मी नागपूरला परतलो.

सिटका बॅरानॉफ बेटावर आहे आणि बंदरातून निघताना समोर एजकंब नावाचा ज्वालामुखी पर्वत दिसतो. आम्हाला तो ढगांच्या फटीतून क्षणभरच दिसला. उलटीची गोळी मी घेतली होती, जावयांनी घेतली नव्हती, आणि त्याबद्दल त्यांच्याविषयीच्या आदरापोटी अधिक लिहीत नाही. खुल्या समुद्रात पोहोचल्यावर कॅप्टनने नांगर टाकून खोली सांगितली, पंचावन्न फॅदम. फॅदम म्हणजे कोकणातल्या कोळ्यांचा ‘वाव’, दोन्ही हात पसरले की होते तेवढे अंतर. आमच्याकडे विहिरीची खोली पुरुषांत मोजतात, दोन पुरुष, तीन पुरुष. दोन्हीकडे माणसाचे शरीरच मोजपट्टी झालेले पाहून बरे वाटले. पंचावन्न वाव म्हणजे साधारण शंभर मीटर. मी नोकरीत असताना ज्या ज्या तलावांवर काम केले, त्यांपैकी एकातही इतके पाणी नव्हते.

पहिल्या तासात एक लहानसा हॅलिबट आला आणि जावयांना थोडी तरतरी आली. त्यानंतर माझ्या रॉडला दोन-तीन जड हिसके बसले. मी रील फिरवू लागलो तेव्हा खालचा जीव जोरात डोके झटकत होता, पण निम्म्या वाटेवर आल्यावर त्याची झुंज एकाएकी मंदावली. आपण चांगले खेचतो आहोत म्हणून हे घडते, असे एखाद्या नवख्याला वाटेल. मला माहीत होते की वर त्या पिशवीने फुगायला सुरुवात केली आहे, आणि ते माहीत असूनही रील फिरवण्यावाचून गत्यंतर नव्हते. हिरव्या पाण्यात केशरी रंग उजळला आणि मासा वर आला तो पिकल्या संत्र्याच्या रंगाचा, पिवळ्याजर्द डोळ्यांचा, दोन फुटांच्या आसपास लांब. डोळे बाहेर आले होते आणि तोंडात गुलाबी फुगा दिसत होता. तो फुगा सुईने फोडावा का, असे जावयांनी विचारले. कॅप्टनने हाताने थांबवले, कारण ती हवेची पिशवी नसून माशाचे जठर असते आणि ते फोडले तर आपणच त्याला नवी जखम करतो.

मी अभिमानाने माझे साधन पुढे केले. माशाच्या ओठात गरी अडकवली, त्याला पाण्यात सोडले, आणि मासा शिशासकट पाण्यावर तरंगत राहिला. डोके तेवढे वाकले, बाकीचे अंग वरच. मी दोर ढिला केला, झटकला, पण काही उपयोग झाला नाही. कॅप्टनने एक शब्दही न बोलता आपले साधन काढले, जे रचनेने अगदी माझ्यासारखेच होते, फक्त त्याचे शिसे दोन किलोच्या घरात होते. मासा हलकेच डोके खाली करून हिरव्या पाण्यात उतरत गेला. दोरावरच्या खुणांप्रमाणे शंभर फुटांच्या खाली गेल्यावर त्याने दोर माझ्या हातात दिला. मी हिसका दिला तेव्हा आधी एक जिवंत धक्का जाणवला आणि मग दोर नुसत्या शिशाच्या वजनाने लोंबू लागला.

असा मासा जगतो का, हा प्रश्न मी निघण्यापूर्वीच शोधून ठेवला होता. अलास्कातल्याच प्रिन्स विल्यम साउंडमध्ये येलोआयवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खोल नेऊन सोडलेल्या माशांपैकी सुमारे ९८ टक्के जगल्याचे आढळले, तर पृष्ठभागावर सोडल्यास हे प्रमाण सुमारे २२ टक्केच राहते असा निष्कर्ष होता. आकडा दिलासा देणारा आहे, तरीही दुसरा येलोआय लागताच मी कॅप्टनला जागा बदलायची विनंती केली, आणि तो स्वतःही तेच करणार होता असे दिसले. सोडण्याची सोय आहे म्हणून त्याच खडकावर पुन्हा पुन्हा गळ टाकत राहणे मला पटत नाही. उरलेला वेळ आम्ही उथळ पाण्यात, ठेवता येणाऱ्या काळ्या रॉकफिशवर घालवला. मुलीने त्यांना सावजी मसाल्यात घोळवून तळले. मसाला अंमळ जास्त झाला, मासा उत्तम होता.

चूक कुठे झाली हे मला विमानातच उमगले. विहिरीत मी पाण्याने भरलेली बाटली बुडवली होती, आणि ती तर वजन नसते तरी बुडालीच असती. फुगलेल्या माशाची बरोबरी करायची तर बाटलीत हवा हवी होती. पस्तीस वर्षे पाण्याच्या खात्यात काढलेल्या माणसाने उत्प्लावनाचा साधा नियम विसरावा, हे मी मेहुण्याला सांगितले नाही. पावसाळा संपता संपता, विहीर भरलेली असताना, मी काटोलला पुन्हा गेलो. एक लिटरची रिकामी बाटली बूच घट्ट लावून घेतली. ७५० ग्रॅमचे शिसे लावल्यावर ती तरंगत राहिली. दोन किलो लावल्यावर सरळ खाली गेली. या वेळी मी हिसका न देता दोर चाळीस फुटांवर थोडा वेळ धरून ठेवला आणि पाणी निवळ होते म्हणून मेहुण्याने आरशाने ऊन आत पाडले. बाटली चेपून मुडपलेली दिसत होती. वर ओढू लागलो तसतशी ती फुगत गेली, आणि काठाशी आली तेव्हा टक् असा आवाज होऊन तिचा शेवटचा पोचाही भरून निघाला.