आमची वाटचाल : एका बुशापासून वर्कशॉपपर्यंत

तारकर्लीत आम्ही सुरुवात केली ती दोन जुन्या जेट स्कींवर. घरात पिढीजात मासेमारी, त्यामुळे होडीच्या मागे लावतात ते आउटबोर्ड मशीन उघडायची सवय हाताला होतीच. जेट स्कीचं तंत्र मात्र वेगळं. तिचा पंखा आत असतो. तो खालून पाणी ओढून मागच्या नोझलातून जोरात फेकतो, आणि नोझल वळलं की गाडी वळते.

ऐन नाताळात एका गाडीचं हँडल धरून ठेवलं तरी नोझल लडबडायला लागलं. ते ज्या बोल्टांवर फिरतं, तिथले प्लॅस्टिकचे बुश, म्हणजे बोल्टावर चढणाऱ्या छोट्या नळ्या, रेतीने पार खाल्ले होते. बोल्ट स्टेनलेसचा, नोझल ॲल्युमिनियमचं. मधला बुश गेला की खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम सडलंच म्हणून समजा. डीलर म्हणाला, माल बाहेरून येईल, थांबावं लागेल. पेराएवढ्या वस्तूसाठी सीझन घालवायचा?

कुडाळ एमआयडीसीत एक लेथवाले काका आहेत. त्यांच्याकडे नायलॉनचे बुश मागितले. हातातला व्हर्नियर खाली न ठेवताच ते म्हणाले, "नायलॉन पाणी पिता, फुगतला. मगे हँडल जाम. काळा डेल्रिन घे." डेल्रिन म्हणजे पाणी फारसं न पिणारं कडक प्लॅस्टिक. झिजलेल्या बुशावरून माप घेण्यात अर्थ नव्हता. बाहेरचं माप नोझलाच्या भोकावरून आणि आतलं बोल्टावरून घेतलं, कॉलर ठेवून बुश टर्न केले. मरीन ग्रीस लावून बसवले, तेव्हा नोझल एका बोटाने फिरत होतं आणि हलवलं तर जराही खडखडत नव्हतं.

तरी पर्यटक लगेच बसवला नाही. आमच्या त्या गाड्यांना ब्रेक नव्हता, आणि थ्रॉटल, म्हणजे वेग देणारा हँडलवरचा खटका, सोडला की पाण्याचा झोत जातो, म्हणजे वळणंही गेलं. घाबरलेला माणूस नेमका थ्रॉटलच सोडतो. म्हणून आधी कर्लीच्या खाडीत आम्हीच ती दामटवली, परत उघडली, बुश तपासले, मग धंद्यावर काढली.

बातमी देवबागपर्यंत गेली. शेजारचे गाडीवाले बुश करून घ्यायला आले, मग पाणी ओढणाऱ्या तोंडाची, म्हणजे इनटेकची, वाकलेली जाळी, सीटचं तुटलेलं लॅच. मापांची वही जाड होत गेली. २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात. पूर्वी ते महिने खायला उठायचे, आता वर्कशॉपला तेव्हाच उसंत नसते.

किल स्विच (इंजिन झटक्यात बंद करणारं बटण), थ्रॉटल केबल आणि स्टिअरिंग केबल यांना मात्र आम्ही जुगाड करत नाही. तिथे कंपनीचाच पार्ट लागतो, तो येईपर्यंत गाडी किनाऱ्यावर. यावरून काही गिऱ्हाइकं रागावून गेली. त्यातली काही परत आली, काही नाही.

पावसाळ्यात काम द्यायचं असेल तर मे अखेरीलाच गाडी आणा, आणि आणण्याआधी गोड्या पाण्याने फ्लश करा, म्हणजे इंजिन आतून धुऊन घ्या. आधी इंजिन चालू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन.