ओजिब्वे कादंबऱ्या आणि हद्दीचा वाद

मंगळवार, रात्री

लुईस अर्ड्रिकची ‘द राउंड हाउस’ संपवली. 2012 चं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालेली. दिवसभर माझ्यापुढे बांध, वहिवाट आणि मोजणीचे नकाशे असतात. रात्री तरी दुसरं काही वाचावं म्हणून ओजिब्वे लेखकांच्या कादंबऱ्या हाती घेतल्या, तर तिथेही हद्दीचाच वाद निघाला.

ओजिब्वे म्हणजे ग्रेट लेक्सच्या आसपासचे मूळ रहिवासी. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, नॉर्थ डकोटा आणि वर कॅनडातही पसरलेले. स्वतःला ते अनिशिनाबे म्हणवतात, अमेरिकी सरकारच्या कागदांवर चिपेवा. अर्ड्रिक नॉर्थ डकोटातल्या टर्टल माउंटन जमातीची.

गोष्ट 1988 च्या उन्हाळ्यातली. तेरा वर्षांच्या जोच्या आईवर, जेराल्डीनवर, बलात्कार होतो. हल्लेखोर गोरा. तिचं तोंड झाकलेलं होतं, त्यामुळे नेमकं कुठे घडलं ते तिला सांगता येत नाही, आणि सगळं तिथेच अडतं. घटना जिथली, त्या जमातीच्या विधींच्या गोल घराच्या (म्हणजेच ‘राउंड हाउस’च्या) आजूबाजूला काही जमीन जमातीची, काही राज्याची, काही खाजगी मालकीची. पाऊल इकडचं तिकडे पडलं की पोलीस बदलतात, कोर्ट बदलतं. जमातीच्या कोर्टाला तर बिगर-आदिवासी आरोपीवर फौजदारी खटलाच चालवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली ऑलिफंट खटल्यात तसं ठरवून टाकलं.

‘गुन्हा आमच्या हद्दीत नाही’ हे वाक्य ऐकून आपले कान किटलेत. पण आपल्याकडे निदान कुठलंतरी एक ठाणं, कुठलंतरी एक कोर्ट असतंच, आणि आता झीरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार) कायद्यातच आहे. जेराल्डीनच्या बाबतीत गुन्हा घडलाय, आरोपी कोण ते माहीत आहे, तरी जागा सिद्ध होत नाही म्हणून खटला उभाच राहत नाही. हे वाचताना वकील म्हणून फार चडफडाट झाला.

बुधवार

कालच्या पुस्तकातला एक प्रसंग डोक्यातून जात नाही. जोचे वडील, बॅझिल, जमातीच्या कोर्टात न्यायाधीश आहेत. जोला वाटत असतं, बाबा म्हणजे फार मोठे. तो त्यांच्या जुन्या केसेस चाळतो आणि हिरमुसतो. दारुडे आणि हॉट डॉग चोरणारे, तुमच्या हाताला एवढेच लागतात, असं तो बापाला सरळ सुनावतो. बॅझिल चिडत नाहीत. विसरून राहिलेलं, वास मारणारं कॅसरोल (भट्टीत भाजलेला नूडल्सचा पदार्थ) काढतात आणि त्यावर काटे-सुऱ्या रचायला लागतात. एकेक काटा म्हणजे एकेक निवाडा. बुडाशी जे सडलंय तो 1823 चा जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश. आदिवासींना फक्त वहिवाट, मालकी मात्र ‘शोध लावणाऱ्या’ गोऱ्यांची, असं म्हणणारा. (खरं तर तो दावा दोन गोऱ्यांमधला. ज्यांची जमीन, ते त्यात पक्षकारही नव्हते!) आणि वर, त्या सडक्या बुडावर, बॅझिल म्हणतात, आम्ही आमचे छोटे निवाडे असे काटेकोर रचायचे की कुठल्याही वरच्या कोर्टाला ते पाडता येऊ नयेत. हॉट डॉगचासुद्धा.

खालच्या कोर्टातल्या कामाबद्दल इतकं खरं मी कुठल्या वकिली पुस्तकात वाचलेलं नाही. ज्युनियरला सांगितलं तर म्हणाली, “मॅडम, पण वास आला नसेल का?” आला ना. घरभर आला असणार.

शुक्रवार

‘द नाइट वॉचमन’ निम्मी झाली. हिला 2021 चं पुलित्झर आहे. अर्ड्रिकचे आजोबा पॅट्रिक गुर्नो जमातीचे अध्यक्ष होते आणि रात्री कारखान्यात पहारेकरी. त्यांच्या पत्रांवरून ही कादंबरी उभी राहिलीय. कारखाना बारीक यंत्रांसाठी लागणाऱ्या रत्नांच्या बेअरिंगचा. माणिक, नीलम यांच्या कागदासारख्या चकत्या उभ्या दांड्यांवर बसवायच्या, पुढे त्यांना भोकं पाडली जायची. ही नजरेची कामं जमातीच्या बायका करतात. पॅट्रिस त्यातलीच. आई, भाऊ, सगळं घर तिच्या पगारावर.

आणि रात्री, सगळं सामसूम झाल्यावर, थॉमस, त्या आजोबांवरून बेतलेला पहारेकरी, फेऱ्या मारतो आणि मधल्या वेळात पत्रं लिहितो. कारण 1 ऑगस्ट 1953 ला अमेरिकी काँग्रेसने ठराव क्रमांक 108 केला. भाषा मोठी गोड, आदिवासींना सरकारी देखरेखीतून मुक्त करायचं. अर्थ असा की जुने करार संपले, रिझर्वेशन, म्हणजे जमातीची राखीव जमीन, संपलं, जमात म्हणून मान्यता संपली. ठरावात टर्टल माउंटनचं नावच घातलेलं. थॉमस तो मजकूर घेऊन बसतो आणि वाक्य न् वाक्य सोडवून बघतो, तेव्हा मला वाटलं, ह्याला आमच्या बार रूममध्ये आणून बसवावं. निम्म्या मंडळींना अर्ज धड वाचता येत नाही.

वॉशिंग्टनला सुनावणीसाठी जायला पैसे नाहीत. मग काय, मुष्टियुद्धाचे सामने लावतात! हे मला फार आवडलं. अख्ख्या जमातीचं अस्तित्व पणाला लागलंय आणि गावात चर्चा कोण कुणाला लोळवणार याची. गणिताचा मास्तर कोच, आणि तो पॅट्रिसवर लट्टू. कारखान्यात एक भूतही आहे, बोर्डिंग शाळेत जीव गेलेल्या पोराचं. ते कधी रडवतं, कधी चक्क खोड्या काढतं. अर्ड्रिकचे विनोद आगाऊ आहेत, कुठल्याही क्षणी येतात, आणि त्यासाठी ती रडणं थांबवत नाही.

शनिवार

रिचर्ड वॅगमीसची ‘इंडियन हॉर्स’. लहान पुस्तक, पण जड. कॅनडाच्या ऑन्टारिओतला सॉल, आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळेत कोंडला जातो. तिथे बर्फाच्या मैदानावरची साफसफाई करायला तो पहाटे उठतो आणि गोठलेली घोड्याची लीद पक (बर्फावरच्या हॉकीतली चकती) म्हणून वापरून एकटाच हॉकी शिकतो. ते वर्णन इतकं सुरेख आहे की मी हुरळून गेले, आणि लेखकाला तेच हवं होतं. सॉल आपल्यापासून एक गोष्ट शेवटपर्यंत दडवून ठेवतो. ती इथे लिहीत नाही.

रविवार दुपार

वॉबगेशिग राइसची ‘मून ऑफ द क्रस्टेड स्नो’ (2018). उत्तरेकडच्या दूरच्या वस्तीत वीज जाते, फोन जातात, दक्षिणेकडून येणारा माल थांबतो. जग बुडालंय बहुतेक. वस्तीतले लोक सुरुवातीला ढिम्म, कारण वीज तर नेहमीच जाते! पुढे एक म्हातारी सांगते की आमचं जग गोरे आले तेव्हाच बुडालं, नंतर पुन्हा पुन्हा बुडालं, आम्ही आहोतच. शहरात बुडत्या जगाच्या कादंबऱ्यांचं पीक आलंय, तिथे ही वेगळी दिसते. मला स्वतःला मधला भाग रेंगाळलेला वाटला. लाकडं, शिकार, साठा यांचा हिशेब मात्र चोख आहे, तो वाचायला मजा येते.

डेव्हिड ट्रॉयर नावाचा लीच लेकचा ओजिब्वे कादंबरीकार म्हणतो की अशा कादंबऱ्या संस्कृतीचा पुरावा म्हणून वाचू नका, साहित्य म्हणून वाचा. पटतं. मराठीत दलित आत्मकथनांचं आपण वर्षानुवर्षं तेच केलं, शैलीवर कुणी बोललंच नाही. पण मग माझं काय, मी तर कायदा हुंगत वाचतेय. त्यावर माझं उत्तर असं की अर्ड्रिकने तो गोष्टीतच घातलाय. ‘राउंड हाउस’मधून ऑलिफंट काढला तर कथानक कोसळतं.

सोमवार

आज जेवणाच्या सुट्टीत शोधत बसले. ‘राउंड हाउस’ला बक्षीस मिळालं नोव्हेंबर 2012 मध्ये. मार्च 2013 मध्ये अमेरिकेत महिलांवरील हिंसाचाराच्या कायद्यात दुरुस्ती होऊन जमातीच्या कोर्टांना बिगर-आदिवासी आरोपींवर थोडा अधिकार परत मिळाला. बातमी म्हणून छान. पण तरतूद नीट वाचली तर तो अधिकार कौटुंबिक हिंसाचार, प्रेमसंबंधातली हिंसा आणि संरक्षण आदेशाचा भंग एवढ्यापुरताच. जेराल्डीनचा हल्लेखोर ना नवरा, ना मित्र. म्हणजे तो 2013 नंतरही सुटलाच असता. लैंगिक अत्याचाराचा समावेश झाला तो 2022 च्या दुरुस्तीत, आणि तोही आरोपीला वकील देण्यासारख्या अटी पुऱ्या करणाऱ्या जमातींनाच. अटी योग्यच आहेत, आणि त्यांच्या खर्चासाठी कायद्यात अनुदानाची तरतूदही आहे.

संध्याकाळी मार्सी रेंडनची ‘मर्डर ऑन द रेड रिव्हर’ उघडली. व्हाइट अर्थ जमातीची लेखिका, रहस्यकथा. नायिका कॅश, एकोणीस वर्षांची, परक्या घरांमध्ये वाढलेली, आता शुगर बीटचे ट्रक चालवते आणि बारमध्ये पूल खेळून वरचे पैसे मिळवते. वाक्यं तुटक, सिगारेटी फार. कलम नाही, ठराव नाही. सुरुवात झकास आहे. उद्या बोर्डावर नुसत्या तारखाच आहेत, डब्याच्या वेळेत वीसेक पानं सहज होतील.