थंडीचे शनिवार-रविवार: उजनीचं पाणी, दौंडचं गुऱ्हाळ आणि स्वेटर घातलेला गणपती

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आमच्या घरात सगळे म्हणत आले आहेत. म्हणजे पुण्यात तिचा मुक्काम दिवाळी उलटल्यापासून तेवढाच. पहाटे कानटोपीशिवाय बाहेर पडवत नाही आणि दुपारी बारा वाजता तोच स्वेटर कमरेला बांधून हिंडावं लागतं, अशी आपली ही थंडी. घरात लहान मुलं असली की वर्षातलं सगळं फिरणं याच दिवसांत येऊन पडतं. उन्हाळ्यात दहाच्या पुढे मुलांना उघड्यावर नेता येत नाही, पावसाळ्यात निम्मा वेळ ओले कपडे बदलण्यात जातो.

पण थंडीचे शनिवार-रविवार सगळ्यांनाच हवे असतात. शाळेचं स्नेहसंमेलन आणि त्याच्या तालमी याच दिवसांत, लग्नसराई याच दिवसांत, सोसायटीतल्या खेळांच्या स्पर्धाही आत्ताच. त्यात वर्गातल्या मुलांचे वाढदिवस. आमची थोरली दुसरीत आहे, धाकटा चार वर्षांचा. बायको आणि मी डिसेंबर लागला की कॅलेंडर घेऊन बसतो आणि आठवड्याच्या सुट्टीतला एक दिवस उघड्या आभाळाखाली जायलाच हवा, हे धरून बाकीचं ठरवतो. त्यासाठी काही आमंत्रणांना नाही म्हणावं लागतं. जवळच्या नात्यातलं लग्न चुकवत नाही. पण मॉलमधल्या खेळघरात होणाऱ्या वाढदिवसाला आदल्या दिवशी भेटवस्तू पोचती केली तरी चालतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं आमचं ठरलेलं, एका दिवशी एकच ठिकाण. चार वर्षांच्या मुलाला एका जागी रमायलाच तास लागतो. तो रमला की आपण घड्याळ दाखवून पुढच्या ठिकाणी ओढायचं, यात कुणाचंच काही साधत नाही.

या वेळचा शनिवार भिगवणचा होता. पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटर, सोलापूर रस्त्याने. पहाटे साडेचारला मुलांना पांघरुणासकट उचलून गाडीत ठेवलं. हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत ही गावं दोघांनी झोपेतच पार केली. या दिवसांत या रस्त्यावर एक गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे उसाचे ट्रॅक्टर. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असतो, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि अंधारात कित्येकांच्या मागे साधा लाल दिवाही नसतो. मुलं मागे झोपलेली असताना मी या रस्त्यावर वेग अजिबात वाढवत नाही. सूर्य अर्धा तास उशिरा दिसला तरी चालेल.

भिगवणच्या अलीकडे-पलीकडे जे पाणी दिसतं ते उजनी धरणाचं. धरण पार तिकडे टेंभुर्णीजवळ, सोलापूर जिल्ह्यात. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा मागे पसरत इथपर्यंत आला. पूर्ण भरलं की सुमारे 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं. फुगवट्याच्या काठाकाठाने पाणी उथळ आहे, तळाला गाळ आहे, गाळात किडे, शिंपले, शेवाळ आहे. पक्षी येतात ते या गाळासाठी.

कुंभारगावच्या काठावर होड्या लागलेल्या असतात. होडी चालवणारे इथले मासेमारी करणारे लोक. पक्ष्यांची नावं मराठी, इंग्रजी दोन्ही पाठ, आणि नजर अशी की आपल्याला दुर्बिणीतून जे शोधावं लागतं ते त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का हे मी आदल्या दिवशीच फोनवर विचारून घेतलं होतं. मोठ्यांच्या जॅकेटात चार वर्षांचं मूल खांद्यांतून निसटतं, त्यामुळे हे विचारायलाच हवं.

होडी निघाली तेव्हा पाण्यावर धुकं होतं. पहिल्यांदा दिसले ते पट्टकादंब. राखाडी बदकांसारखी अंगकाठी, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. लडाख, तिबेट, मंगोलिया या भागांत ते उन्हाळा काढतात आणि थंडीत हिमालय ओलांडून खाली येतात. सात हजार मीटरहून जास्त उंचीवरून उडताना त्यांची नोंद झालेली आहे. थोरलीला मी म्हटलं, हे पक्षी हिमालयावरून उडत आलेत. ती बराच वेळ बघत राहिली आणि विचारलं, “बाबा, त्यांची पिल्लं पण?” पहिल्याच वर्षी, हो. त्याच उन्हाळ्यात अंड्यातून निघालेली पिल्लं त्याच हिवाळ्यात आईबापांबरोबर इथवर येतात. धाकट्याकडे बघून ती म्हणाली, “हा तर सिंहगडावर पण खांद्यावर बसून गेला होता.”

चित्रबलाक, म्हणजे रंगीत करकोचे, भरपूर होते. ते इथलेच. इंदापुरात जुन्या चिंचांवर त्यांची घरटी असतात आणि चरायला ते या पाण्यावर उतरतात. नदी सुरय डोक्यावरून फिरत होते, मध्येच सूर मारून मासा घेऊन वर येत होते. धाकट्याला तेच सगळ्यात आवडलं. प्रत्येक सुरावर तो टाळ्या वाजवायला लागला. होडीवाले दादा रागावले नाहीत. बांबू पाण्यात तसाच रोवून हळूच म्हणाले, “वाजीव नको बाळा, उठत्याल सगळी. हातानं दाव, खुना कर.” मग तो बोटाने मोजायला लागला. मला दोनदा सांगूनही जे जमलं नसतं ते त्या एका वाक्याने झालं.

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, मात्र थोडेच होते, दूरच्या पाणथळीवर उभे. गेल्या पावसाळ्यात धरण भरलं आणि पाणी अजून उतरलेलं नाही. रोहित पक्ष्याला उभं राहता येईल इतकं उथळ पाणी लागतं. “पानी लई हाय औंदा,” दादा म्हणाले. “संक्रातीनंतर कमी झालं की येत्यात.” म्हणजे ज्या वर्षी धरण तुडुंब त्या वर्षी रोहित उशिरा. शेतकरी खूश असतो तेव्हा फोटो काढणारे नाराज असतात, आणि मला वाटतं तसंच असावं. दिसले ते मात्र नीट दिसले. मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवायची, पाणी आत घ्यायचं, जिभेने बाहेर लोटायचं, अन्न चोचीच्या कडांना अडकतं. थोरली म्हणाली, “आजीची चाळणी!” त्यांचा गुलाबी रंग त्या अन्नातूनच येतो. पिल्लं करड्या रंगाची असतात, खात-खात मोठी होतात तसा रंग चढतो. आपल्याकडे कच्छच्या रणात ती चिखलाची घरटी करतात.

परतीला होडी वळली तेव्हा थोरलीने दादांना विचारलं, “काका, एवढं पाणी कुठून येतं?” मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, “तुमच्या पुन्याचंच हाय की.” मग त्यांनी तिला हाताने दिशा दाखवत सांगितलं. मुळा आणि मुठा पुण्यात मिळतात, ती मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, आणि भीमा इथे येते. “पुन्यात जे टाकत्यात, ते हितंच येतंय.” आवाजात तक्रार नव्हती. त्यानंतर त्यांनी बांबूनेच खाली दाखवलं, “आन् आमच्या आज्याची जमीन हितं हाय. पाण्याखाली.” गावं, देवळं, मळे सगळं या पाण्यात गेलं. पाणी फार आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांचीच नातवंडं आज त्या पाण्यावर होडी चालवून आपल्या मुलांना पक्षी दाखवतात. ठरलेल्या पैशात घासाघीस करणारी माणसं मी काठावर पाहिली, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

काठावर एका घरी न्याहारी केली. चुलीवरची गरम भाकरी, पिठलं, आणि आम्हा दोघांसाठी तळलेली चिलापी मासळी. मुलांनी भाकरीवर दूध-गूळ घेतला आणि गुळाचा विषय निघाला.

दौंड तालुक्यात गुऱ्हाळं पुष्कळ आहेत. येताना रस्त्यावरून धूर दिसतो, वास येतो. परतीच्या वाटेवर एका गुऱ्हाळाशी थांबलो. हे काही दुसरं ठिकाण नव्हे, वाटेवरचा विसावा, असं बायकोनेच ठरवून टाकलं. चरकातून रस निघतो, तो मोठ्या काहिलीत येतो, खाली चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडं जळतात. रस उकळायला लागला की मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायचं. रस स्वच्छ व्हावा म्हणून भेंडीची झाडं चेचून त्याचा चिकट रस घालायची जुनी पद्धत आहे. आणि या सगळ्याचा धनी म्हणजे गुळव्या. त्याने पाक पाण्यात टाकून बोटांत गोळी करून पाहिली आणि मान हलवली, की चार माणसं धावून काहील उतरवतात. एवढ्या मोठ्या कामाचा निर्णय त्या बोटांतल्या गोळीवर. मुलांना कठड्यापासून लांब, बायकोचा हात धरूनच उभं केलं होतं. उकळत्या पाकाशी खेळ नाही. गुळव्याने दोघांच्या तळहातावर केळीच्या पानाचा तुकडा ठेवून त्यावर कोमट गूळ दिला. धाकट्याने पानसुद्धा चाटून घेतलं. एक बाटली काकवी आणि एक छोटी ढेप घेतली. ती काकवी हा आठवडाभर पोळीबरोबर चालली.

दुपारी दोनला घरी. मुलं झोपली, आम्हीही झोपलो. संध्याकाळी कुठेही जायचं नाही हेही ठरलेलं असतं.

रविवारी सकाळी सारसबाग. थंडीत तळ्यातल्या गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात, ती बघायला आम्ही दरवर्षी जातो. मूर्ती लहानशी, उजव्या सोंडेची. धाकट्याने आपली टोपी चाचपली, गणपतीची बघितली आणि मोठ्याने सांगितलं, “त्याच्या आईनी पण घातली.” रांगेतल्या एका आजींनी त्याच्या गालावरून बोटं मोडली. पलीकडे पेशवे पार्क. माझ्या लहानपणी तिथे प्राणिसंग्रहालय होतं. माझ्या वडिलांना शनिवारची सुट्टी नसायची. रविवारी ते मला स्कूटरवर पुढे उभं करून पिंजऱ्यांपाशी न्यायचे. पुढे प्राणी कात्रजला हलवले. 1956 साली सुरू झालेली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, मात्र तिथेच राहिली. वडिलांच्या मांडीवर बसून तीत फिरलेलो मी आता दोघांना घेऊन बसलो. गुडघे समोरच्या बाकाला लागले आणि वडिलांची फार आठवण आली. आठवड्यातला तो एकच दिवस त्यांचा स्वतःचा होता, आणि तो ते आम्हाला देऊन टाकायचे. तेव्हा मला त्याचं काही वाटत नसे, फक्त गाडीची शिट्टी ऐकायची असे.

घरी जाताना थोरलीने डेक्कनला पुलावर थांबायला सांगितलं. ती कठड्याला धरून मुठेकडे बघत होती. पाणी काळपट, काठाला प्लास्टिक अडकलेलं, निर्माल्याच्या फुगलेल्या पिशव्या. “हे तिकडे जातं? त्या पक्ष्यांकडे?” मी हो म्हटलं. आडवळणाने काही सांगावंसं वाटलं नाही. ती गप्प झाली, मग म्हणाली, “मग हे आधी चांगलं असतं का?” असतं. वर, धरणापाशी चांगलं असतं.

भिगवणला जाताना मला वाटत होतं की आपण मुलांना पक्षी दाखवायला चाललोय. पण शनिवारचं पाणी आणि रविवारची नदी तिने स्वतःच जोडली. पुण्यात राहून नदी नकोशी झालेली माणसं आपण सगळेच. पुलावरून जाताना काच वर करतो. सात वर्षांच्या मुलीने तीच काच खाली करायला लावली, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. घरातल्या देवाचं निर्माल्य आता गच्चीवरच्या कुंडीत जातं. आईने, म्हणजे मुलांच्या आजीने, एका शब्दानेही विरोध केला नाही. उलट कुंडीपाशी रोज तीच नातीला हाक मारते.

पुढच्या शनिवारी चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न आहे, तो दिवस गेला. रविवार सिंहगडाचा. आतकरवाडीच्या बाजूने चढायचं, धाकटा जमेल तेवढा चालेल, पुढे खांदा आहेच. वर देवटाक्याचं पाणी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. पण या वेळी खरं काम वेगळं आहे. हवा स्वच्छ असली तर गडावरून खडकवासल्याचं पाणी दिसतं, त्याच्या मागे पानशेत आणि वरसगावच्या बाजूचे डोंगर. थोरलीला तिथून मुठेची सुरुवातीची बाजू दाखवायची आहे. तिने दप्तरातून कागद काढून एक रेघ आखली आहे. एका टोकाला रोहित पक्षी, मध्ये आमची इमारत, आणि दुसरं टोक तिने अजून मोकळं ठेवलंय. उतरताना खडकवासल्याच्या काठाशी थांबायचं, असंही तिने बजावून ठेवलं आहे. एका दिवशी एकच ठिकाण हा नियम तिला सांगितला, तर म्हणाली, “बाबा, ते एकच आहे.”