बायोडेट्यावरचा फोटो

नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स हार्बरची लोकल ठाण्यातूनच सुटते, त्यामुळे वेळेत नऊ-दहा नंबरचा प्लॅटफॉर्म गाठला तर खिडकीसुद्धा मिळते. मध्यंतरी बरेच महिने मी जागा असूनही उभा राहून ऐरोलीला जायचो. रबाळ्याला उतरणारे एक रोजचे काका काळजीने विचारायचे, "पाठीचा त्रास आहे का रे?" मी "हो" म्हणून टाकायचो. खरं कारण असं, की बसलेल्या माणसाचा भोवरा उभ्या माणसाला अगदी नीट दिसतो, आणि माझ्या भोवऱ्याच्या आजूबाजूला तेव्हा फारसे केस शिल्लक नव्हते.

वय सत्तावीस. सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. ठाण्यात घोडबंदर रोडला आई-बाबांबरोबर राहतो. समोरून पाहणाऱ्याला "कपाळ जरा मोठं आहे" एवढंच वाटतं. गोष्ट मागून बिघडली आहे.

लपवायचं ठरवलं की त्यात किती डोकं घालावं लागतं, हे केस असलेल्यांना कळणार नाही. ऑफिसात कोणत्या खुर्चीच्या बरोबर वर दिवा आहे, मीटिंगला कोण मागे बसणार, लिफ्टमध्ये पाठ कुठल्या भिंतीला लावायची, हे सगळं पाठ. त्यातच एक पावडर सापडली. केराटिनचा, म्हणजे केसांतल्याच प्रथिनाचा, बारीक काळा भुगा, उरलेल्या केसांना चिकटतो आणि टाळू झाकतो. एसीत बसून राहिलात तर उत्तम चीज आहे. पण ठाणे स्टेशनच्या पुलावर सकाळच्या गर्दीत, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस नाही आणि घाम थांबत नाही अशा दिवशी ती कॉलरवर उतरते. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरच्या आतल्या घडीत ओल्या राखेसारखी काळी रेघ. आईने तो शर्ट धुवायला घेताना ती रेघ नखाने खरवडून पाहिली, वास घेतला आणि विचारलं, "हे काय लावतोस तू डोक्याला?"

मग विषय घरात आला आणि सगळ्यांचाच झाला.

बाबांचं म्हणणं, आमच्या घराण्यात टक्कल नाही. साठी ओलांडली तरी त्यांचा भांग शाबूत आहे, त्यामुळे ते हे अभिमानाने म्हणू शकतात. माझे मामा पस्तिशीतच तुळतुळीत झाले होते; कानाच्या वरून मागे जाणारी एक पट्टी तेवढी उरली. तेव्हा दोष आईच्या माहेराकडे. आई म्हणते, टँकरचं पाणी. आमच्या पट्ट्यात कुणाच्याही केसांना काहीही झालं की दोष टँकरकडेच जातो. आत्याने जास्वंद, माका, कांद्याचा रस सगळं सुचवलं आणि वर कुठलीतरी जाहिरात बघून 'टक्कल मुळापासून बरे' करणारी तेलाची बाटली पाठवून दिली. चार लोकांत कांद्याचा वास घेऊन फिरण्यापेक्षा टक्कल परवडलं, एवढंच माझं कांद्याबद्दलचं मत.

बाटलीवरचं वाचायची सवय नोकरीमुळे लागलेली. शोधताना कळलं, की औषधांच्या १९४५ च्या नियमांना 'शेड्यूल जे' नावाची एक यादी जोडलेली आहे. त्यातले आजार आपलं औषध बरे करतं किंवा टाळतं, असा दावा करता येत नाही. कॅन्सर, अंधत्व यांच्या पंगतीत तिथे टक्कलही बसलंय. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "अरे, पण लावून बघायला काय जातं?" बाटली अजून बाथरूममध्ये आहे. बाबा लावतात.

पाचपाखाडीतल्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो तो शेवटी बहिणीने अपॉइंटमेंट घेऊन ठेवली म्हणून. मॅडमनी आधी केस चिमटीत धरून हलके ओढून पाहिले, मग छोटी दुर्बीण टाळूवर टेकवून चित्र स्क्रीनवर दाखवलं. एकाच जागी जाड केस, बारीक केस आणि नुसती लव, सगळं शेजारी शेजारी. केस एका रात्रीत जात नाही, दर फेरीला आधीपेक्षा बारीक उगवतो, असं त्या म्हणाल्या. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं, आणि वरच्या भागातली केसांची मुळं जन्मतःच त्याला बळी पडणारी असली की ती आखडत जातात. मागची आणि कानावरची मुळं त्याला दाद देत नाहीत. हे ऐकल्यावर टँकरचा विषय माझ्यापुरता संपला. पाण्याने जायचे तर कानावरचे का नाही गेले?

तरीही रक्त तपासून घेतलं: थायरॉइड, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी १२, ड जीवनसत्त्व. कारण डेंग्यू-टायफॉइडसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात, ते प्रकरण वेगळं आणि ते बहुतेक वेळा आपोआप भरून येतं. गोल चट्ट्यांत केस जाऊन चाई पडते तेही वेगळं. माझं साधं आनुवंशिक निघालं. नॉरवुड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७५ मध्ये सुधारून मांडलेला टकलाच्या सात पायऱ्यांचा तक्ता आहे, त्यात मी तिसऱ्या पायरीवर, भोवऱ्याच्या बाजूने. मामा सातवीवर. मॅडमना मामांबद्दल मुद्दाम विचारलं. आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावरचं एक जनुक यात महत्त्वाचं आहे, पण बाकीची जनुकं दोन्हीकडून येतात, त्यामुळे बाबांना पूर्ण क्लीन चिट नाही. हे घरी सांगितलं तेव्हा आईने त्या रात्री शिरा केला.

उपाय म्हणून मिनॉक्सिडिल. मूळचं रक्तदाबाचं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून पुढे डोक्याला लावायचं द्रावण निघालं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला टकलासाठी मान्यता मिळाली. सुरुवातीच्या आठवड्यांत गळती वाढते हे मॅडमनी बजावलं होतं, तरी उशीवरचे केस बघून हात थरथरायचे. फरक कळायला चार-सहा महिने, आणि लावणं सोडलं की मिळवलेलं काही महिन्यांत परत जातं. एक गोष्ट बाटली घेताना कुणी सांगितली नाही: हे औषध मांजरांना विषारी आहे. शेजारची मांजर गॅलरीतून येऊन माझ्या उशीवर झोपायची, तिला आता खोलीबंदी आहे. ती त्याबद्दल नाराज आहे.

फिनास्टेराइडची गोळीही आहे, डीएचटी बनणंच कमी करणारी. मॅडमनी तिचे दुष्परिणाम आडपडदा न ठेवता सांगितले. थोड्या पुरुषांमध्ये कामेच्छा कमी होते, काहींचं मन खचतं. स्थळं बघायच्या दिवसांत मला तो प्रयोग नको वाटला. मुळावरचं औषध तेच आहे हे मान्य करून मी ते सध्या बाजूला ठेवलंय.

केसरोपणाच्या एका क्लिनिकमध्येही जाऊन आलो, नाव सांगत नाही. तिथे डॉक्टरांच्या आधी टाय लावलेला काउन्सेलर भेटतो, माझ्या कपाळावर मार्करने रेषा मारतो, ईएमआय सांगतो आणि "आज बुक केलंत तर" असं म्हणतो. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी वेगळा. वैद्यकीय सेवेला सूट आहे, पण केसरोपण तिच्यात धरत नाहीत. मॅडमचं म्हणणं जास्त पटलं: मागून काढून लावलेले केस टिकतात, पण मागचा साठा ठरलेला असतो. सत्ताविशीत पुढे भरून घेतलं आणि त्याच्या पाठचे जात राहिले, तर पुढे नुसतं केसांचं बेट उरतं. मार्करची रेषा मात्र घरी येऊन साबणाने दोनदा घासावी लागली.

माझ्या डोक्याबद्दल सगळ्यात कामाचं ऐकवलं ते मानपाड्याच्या न्हावीकाकांनी. कापून झालं की हातातला छोटा आरसा मागे धरून दाखवायची त्यांची पद्धत. ती कधीतरी बंद झाली होती. ते नुसता टॉवेल झटकायचे आणि "झालं दादा" म्हणायचे. त्यांनी ते माझ्यासाठी बंद केलं होतं, हे लक्षात आलं त्या दिवशी मीच आरसा मागितला. त्यांनी धरला, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "वरचे लांब ठेवून झाकताय ना, त्यानेच जास्त दिसतंय. बाजूला मशीनचा दोन नंबर मारू, वरचे त्याला जुळते ठेवू." मशीन फिरलं. काळे-पांढरे पट्टे गेले, सगळं एका रंगात आलं. पावडरची डबी त्यानंतर उघडली नाही, आणि आता गाडीत बसून जातो. रबाळ्याच्या काकांनी पाठीसाठी कुठलंसं तेल सुचवलं होतं, त्याने गुण आला अशी त्यांची समजूत आहे.

राहिला लग्नाचा बायोडेटा. आईला कॉलेजच्या गॅदरिंगचा फोटो हवा होता, कपाळावर झुलपं असलेला. "सगळे जुनेच लावतात," हे तिचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. मी म्हटलं, कांदेपोह्यांच्या वेळी दार उघडल्यावर त्यांनी कुणाला आत घ्यायचं? दोन दिवस अबोला झाला. शेवटी बहिणीने गॅलरीतल्या उजेडात माझा आत्ताचा फोटो काढला, दोन नंबरवाला, आणि आईला न विचारता पीडीएफ बदलून टाकली.

त्यानंतर एक-दोन ठिकाणांहून पत्रिका जुळत नाही असं उत्तर आलं. आईच्या मते खरंच पत्रिका. बाबांच्या मते केस. कळव्याच्या एका मुलीशी मात्र फोनवर बोलणं झालं आणि रविवारी तलावपाळीला भेटतोय. केसांबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. तिची शंका वेगळी होती: लग्नानंतर घोडबंदरलाच राहायचं का, कारण ते ट्रॅफिक तिला झेपणार नाही. यावर माझ्याकडे मिनॉक्सिडिलइतकासुद्धा इलाज नाही.