सेंड बॅक

बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडे आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरलेला अर्ज आधी माझ्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या, तिथून समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात. कागदात चूक दिसली तर मी अर्ज रिजेक्ट करत नाही, सेंड बॅक करतो. रिजेक्ट झाला की संपलं. सेंड बॅक झालेला अर्ज मुदतीत दुरुस्त करून परत पाठवता येतो.

फेब्रुवारीत दुरुस्तीच्या शेवटच्या दिवशी सेंड बॅकच्या यादीत दोन नावं उरली होती. एक बी.एस्सी. पहिल्या वर्षाची मुलगी. भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं, आणि दाखला चालू लागतो. तिच्या दाखल्याची मुदत आदल्या ३१ मार्चलाच संपलेली. 'उत्पन्न दाखला अयोग्य' असा शेरा मारून मी अर्ज परत पाठवला होता. त्याला २३ दिवस झाले होते आणि मी तिला एकदाही फोन केला नव्हता. आता अर्जावरचा नंबर लावला तर बंद.

वर्गातल्या मैत्रिणीकरवी निरोप गेला, दुपारी ती एसटीने आली. पिशवीतून तिनं फाईल काढली, त्यात चालू वर्षाचा दाखला होता! आईवडील ऊसतोडीला जायच्या आधीच सेतूतून काढून ठेवलेला. कॅफेवाल्यानं त्याच्या संगणकात पडलेली जुनी फाईल जोडली होती. या कॅफेवाल्यांचा मला मनापासून राग येतो. पोर्टलच्या २५६ केबीच्या मर्यादेत बसवायला कागद इतका दाबतात की बारकोड वाचता येत नाही. युजरनेम-पासवर्ड स्वतःच्या वहीत ठेवतात, मुलांना देत नाहीत. तिच्याकडेही नव्हता, आणि कॅफेला कुलूप होतं.

पासवर्ड बदलायला ओटीपी लागतो, तो वडिलांच्या फोनवर जाणार. वडील कर्नाटकात फडावर. अर्ज परत आल्याचा मेसेजही तिकडेच गेला असणार. पोर्टल करणाऱ्यांनी धरलंय की विद्यार्थ्याचा नंबर विद्यार्थ्याच्या हातात असतो. आमच्याकडे घरात नंबर एकच, तो दिवाळीच्या सुमाराला कोयत्याबरोबर निघतो आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, परत येतो.

मुकादमाला फोन लावला. "गाडी भरू द्या, मग देतो," म्हणाला. पाच वाजून गेले. ट्रॅक्टरवर चार्ज करून वडिलांचा फोन कसाबसा चालू झाला, पण त्यांना मेसेज वाचता येईना. मग तिच्या धाकट्या भावाला बसवलं. तिसरीतला पोरगा, शाळा सोडून आईबापाबरोबर गेलेला. मुकादमाच्या फोनवरून तो एकेक आकडा सांगायला लागला. पहिला ओटीपी त्याच्या वाचण्यातच बाद झाला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "घाई करू नको रे, आधी सगळा बघून घे, मग सांग." त्यानं सांगितला, बरोबर निघाला.

मी वडिलांना म्हणालो, "दादा, अजून एक आकडा येईल, फोन ठेवू नका." आधार कोणत्या खात्याला सीड आहे तेही तेव्हाच बघून घ्यायचं होतं. खात्याला आधार जोडलेला असणं वेगळं आणि ते खातं एनपीसीआयच्या मॅपरवर, म्हणजे कोणाच्या आधारवरचे सरकारी पैसे कोणत्या खात्यात टाकायचे त्या यादीत, असणं वेगळं, हे मी वर्षानुवर्षं समजावून सांगतोय. अर्जात कोणताही खाते क्रमांक लिहा, पैसे मॅपरवर जे खातं आहे तिथेच पडतात. केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट मुलांच्या खात्यात येतो, त्यामुळे हे आधी बघितलंच पाहिजे. तिचं सीडिंग शाळेत असताना काढलेल्या खात्याला निघालं. पासबुक आईच्या पेटीत होतं. दुसऱ्या दिवशी तिला केवायसीसाठी बँकेत पाठवलं.

सात वाजता अर्ज माझ्याकडे परत आला, मी लगेच पुढे पाठवला. निघता निघता एक सहकारी म्हणाले होते, "पोरांनाच काळजी नाही, आपण का मरायचं?" त्या पोरीनं दाखला चार महिने आधी काढून ठेवला होता. काळजी कमी पडली ती माझ्या टेबलावर.

उन्हाळ्यात पैसे जमा झाले. वडिलांना घेऊन ती पासबुक दाखवायला आली. आता मी सेंड बॅक करण्याआधी फोन करतो, मैत्रिणीचा किंवा शेजाऱ्याचा नंबरही वहीत घेतो आणि शेऱ्यात नेमका कोणता कागद जोडायचा ते पूर्ण लिहितो.

दुसरं नाव बी.ए.च्या एका मुलाचं होतं. त्याचा नंबर अस्तित्वातच नव्हता. वर्गात कुणाला त्याचं गाव सांगता आलं नाही. हजेरीपटावर जानेवारीपासून गैरहजर. मी शेरा मारला होता, 'जात प्रमाणपत्र अस्पष्ट'. मार्चमध्ये दुसऱ्याच कामासाठी प्रवेशाच्या फायली काढल्या, तेव्हा त्याची फाईल हाताला लागली. तिच्यात त्याच प्रमाणपत्राची झेरॉक्स होती. बारकोडसकट स्वच्छ, माझ्या खुर्चीमागच्या कपाटात.